तीन नंबरचं मशीन

गेल्या दिवाळीत माळा आवरताना फ्लॉप्यांचा एक डबा सापडला. बहुतेकींवर बुरशी चढली होती. एक मात्र धडधाकट होती आणि तिच्या लेबलावर दादाच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘कार. १:४८. हात लावू नये.’

१:४८ म्हणजे एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. १९९५ साली दादा तालुक्याच्या गावी ज्या कॉम्प्युटर क्लासला जायचा, तिथला हा विक्रम. क्लास सोडताना मोठ्या फ्लॉपीवरचा खेळ त्याने या छोट्या फ्लॉपीवर उतरवून आणला आणि वेळ वर लिहून ठेवली. खेळाचं खरं नाव आम्हाला आजही माहीत नाही. तेव्हा खेळ एका फ्लॉपीवरून दुसऱ्या फ्लॉपीवर प्रवास करायचे, आणि खोका, माहितीपुस्तिका, बनवणाऱ्याचं नाव वाटेत कुठेतरी गळून पडायचं. काळा, पांढरा, निळसर आणि गुलाबी असे चारच रंग, एक वळणावळणाचा रस्ता, कोपऱ्यात पळणारं घड्याळ. बस्स.

तीस वर्षं घरात ऐकत आलेला तो विक्रम मोडायचा, असं मी ठरवलं. फ्लॉपी वाचणारं यूएसबी यंत्र मागवलं, फाइली लॅपटॉपवर घेतल्या आणि डबल क्लिक केलं. विंडोजने सांगितलं की हे ॲप या पीसीवर चालणार नाही.

यामागे कारण आहे. डॉसचे हे जुने प्रोग्रॅम १६ बिटांचे. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये ते चालवण्याची सोय होती, कारण प्रोसेसरला अधूनमधून जुन्या ८०८६ चिपचं सोंग घेता यायचं. प्रोसेसर ६४ बिटांच्या अवस्थेत गेला की ते सोंग घेता येत नाही, आणि मायक्रोसॉफ्टने ६४ बिटांच्या विंडोजमधून ती सोयच वगळली. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटांतच येते. म्हणजे पुढचं दार बंद.

मागचं दार म्हणजे डॉसबॉक्स. पीटर वेन्स्ट्रा आणि स्योर्ड व्हान डर बर्ग या दोन डच प्रोग्रॅमरांनी सुरू केलेला हा फुकट प्रोग्रॅम २००२ साली पहिल्यांदा बाहेर आला. नव्या विंडोजवर डॉसचे खेळ धड चालेनात, म्हणून त्यांनी आख्खं जुनं मशीनच सॉफ्टवेअरमध्ये उभं केलं : प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर आणि आतलं घड्याळसुद्धा.

मी डॉसबॉक्स टाकला, फोल्डर जोडून घेतला. सेटिंगमध्ये ‘सायकल्स’ नावाचा आकडा दिसला, तो थेट ‘मॅक्स’ केला. जास्त वेग म्हणजे जास्त चांगलं, नाही का? खेळ सुरू झाला. मी बाणाचं बटण दाबलं आणि बोट उचलायच्या आत गाडी रस्त्याबाहेर. पुन्हा सुरू केला, पुन्हा तेच. कोपऱ्यातल्या घड्याळात तेवढ्यात दोन मिनिटं होऊन गेली होती.

दादाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, “टर्बो दाब की.”

“म्हणजे आणखी पळेल ना?”

“अगं, हळू होईल!”

टर्बो नावाचं बटण दाबून कॉम्प्युटर हळू का करायचा, हे समजायला १९८१ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यात इंटेलची ८०८८ चिप होती आणि तिचा वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. हा अवघडलेला आकडा टीव्हीमुळे आला. अमेरिकन रंगीत टीव्हीच्या सिग्नलला ३.५८ मेगाहर्ट्झची लय लागते. पीसीचं चित्र टीव्हीवरही दिसावं म्हणून आयबीएमने १४.३१८ मेगाहर्ट्झचा एकच स्फटिक बसवला. त्याला चारने भागलं की टीव्हीची लय, तीनने भागलं की प्रोसेसरचा वेग. असा मिळाला ४.७७.

त्यानंतर काही वर्षं बाजारातल्या बहुतेक पीसींची हीच चाल होती. त्यामुळे गाडीचं चित्र दोन पावलांमध्ये क्षणभर थांबवायचं असेल, तर प्रोग्रॅमर एक सोपी युक्ती करायचे : प्रोसेसरला नुसतं आकडे मोजायला लावायचं. मोजून झालं की पुढचं पाऊल. लपाछपीत राज्य असलेला भिडू भिंतीकडे तोंड करून शंभरपर्यंत मोजतो, तसं. सगळे एकाच चालीने मोजत असतील तर शंभर आकडे म्हणजे ठरावीक वेळ. पण एखादा भिडू तोफखान्यासारखे आकडे सोडायला लागला, की लपायच्या आतच बाकीचे पकडले जातात.

तो भिडू लवकरच आला. १९८४ मध्ये आयबीएमचा एटी आला, २८६ चिपचा, ६ मेगाहर्ट्झचा. नक्कल करणाऱ्या कंपन्यांनी ८, १०, १२ असे वेग काढले. जुने खेळ त्यांच्यावर सुसाट सुटले. म्हणून या मशीनांच्या दर्शनी भागावर एक बटण आलं. त्याने वेग जुन्या पीसीच्या जवळपास उतरवता यायचा. पण ‘हळू’ असं लिहिलेलं बटण कोण विकणार? नाव पडलं टर्बो. बटणाशेजारी वेगाचे लाल-हिरवे आकडे चमकायचे, तेही शोभेचेच. ते वेग मोजत नसत. जोडणाऱ्याने आत पिना बसवून जो आकडा ठरवला, तोच दिसायचा.

आता प्रश्न असा, की पीसीत खरं घड्याळ नव्हतं का? होतं. त्याच स्फटिकावर चालणारी टायमरची एक वेगळी चिप पहिल्या पीसीपासून होती आणि ती सेकंदाला १८.२ टोले द्यायची. प्रोसेसर बदलला तरी टोले तेवढेच. हवे तर ते वाढवताही यायचे. म्हणजे प्रत्येक खेळ लिहिणाऱ्यासमोर दोन रस्ते होते : प्रोसेसरच्या मोजणीवर भरवसा ठेवायचा किंवा घड्याळाकडे बघायचं. पुढे कोणता खेळ टिकला आणि कोणता उधळला, ते बरंचसं इथेच ठरलं.

घड्याळाकडे बघणाऱ्यांपैकी एक म्हणजे ‘स्टंट्स’, १९९० सालचा. तो बनवणारी डिस्टिंक्टिव्ह सॉफ्टवेअर ही कॅनडातल्या व्हँकुव्हर परिसरातली कंपनी १९९१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने घेतली, आणि त्याच शाखेतून पुढे ‘नीड फॉर स्पीड’ आला. स्टंट्समध्ये गाडीची हालचाल सेकंदाच्या विसाव्या भागाने मोजली जाते. शर्यत साठवून ठेवली तर खेळ चित्रं साठवत नाही; प्रत्येक विसाव्या भागात तुम्ही कोणती बटणं दाबली होती, एवढंच टिपून ठेवतो. पुन्हा बघताना सगळी शर्यत नव्याने गणित करून घडवली जाते. म्हणून स्टंट्सची जुनी शर्यत आजच्या मशीनवरही त्याच जागी वळते आणि त्याच जागी आपटते.

स्टंट्सची एक गंमत मात्र आपल्याकडच्या मुलांना महागात पडायची. खेळ अस्सल आहे का हे तपासायला तो माहितीपुस्तिकेतला शब्द विचारायचा. उत्तर चुकत राहिलं की पुढच्या शर्यतीत काही सेकंदांत गाडी आपोआप उडायची. पुस्तिकेविना आलेल्या फ्लॉपीवर हे बिघाडासारखंच वाटायचं.

मशीन कमी पडलं तर काय करायचं, याचंही उत्तर प्रत्येकाने वेगळं दिलं. ब्रिटिश प्रोग्रॅमर जेफ क्रॅमंड यांच्या १९९६ च्या ‘ग्रां प्री २’ मध्ये प्रोसेसरवर किती टक्के भार आहे, ते पडद्यावर बघता येतं. भार शंभरच्या वर गेला की खेळ चित्रं गाळत नाही, सगळं जगच मंद करतो. गाडी, प्रतिस्पर्धी, घड्याळ, सगळं एकत्र. वळण घ्यायला जास्त वेळ मिळतो आणि नोंद होणारी वेळ मात्र तेवढीच राहते. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा दादाविषयी शंका आली.

घड्याळ वापरूनही फसता येतं, हे टर्बो पास्कलने दाखवलं. त्यात लिहिलेले अनेक प्रोग्रॅम सुरुवातीला शहाणपणा करायचे : घड्याळाच्या एका टोल्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, प्रोसेसर किती मोजतो ते बघायचं, त्याला ५५ ने भागायचं आणि त्यावरून थांबण्याचा काळ ठरवायचा. उत्तर ठेवायला जागा होती १६ बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५. साधारण २०० मेगाहर्ट्झच्या पुढची मशीनं आली आणि उत्तर त्या जागेत मावेना. प्रोग्रॅम ‘रनटाइम एरर २००’ म्हणून सुरू होण्याआधीच मरायचा. मशीन एवढं चांगलं होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

हे सगळं वाचून मी पुन्हा डॉसबॉक्सकडे वळले. त्यातल्या सायकल्स म्हणजे एका मिलिसेकंदात किती सूचना पाळायच्या, तो आकडा. कंट्रोलबरोबर एफ-११ दाबलं की कमी, एफ-१२ दाबलं की जास्त. दादाचा टर्बो तो हाच, फक्त कीबोर्डवर आलेला. ४८६ च्या काळातल्या खेळांना पंचवीस हजारांच्या आसपास लागतात, ३८६ च्या काळातल्यांना काही हजार, आणि पहिल्या पीसीला फक्त तीनशे.

एक दुरुस्ती आधीच केली. गाडीची चाकं बसक्या इडलीसारखी दिसत होती. जुनं ३२० बाय २०० ठिपक्यांचं चित्र ४:३ आकाराच्या पडद्यावर पसरायचं, म्हणजे प्रत्येक ठिपका थोडा उभट असायचा. आजचे ठिपके चौकोनी. ‘ॲस्पेक्ट’ हे सेटिंग सुरू केल्यावर चाकं गोल झाली.

मग मोबाइलचं स्टॉपवॉच लॅपटॉपशेजारी ठेवलं. खेळातलं एक मिनिट आणि खरं एक मिनिट जुळेपर्यंत सायकल्स उतरवत गेले. तीन हजारांवर खेळातलं मिनिट काही सेकंदांत संपत होतं. दीड हजारांवर जरा बरं, पण गाडी वळवता येत नव्हती. तीनशेच्या जवळ आल्यावर दोन्ही घड्याळं बरोबर चालायला लागली. आणि गाडी वळली. खेळ पहिल्या पीसीच्या चालीवर लिहिलेला होता.

पण दादाच्या क्लासमध्ये तर २८६ होते, हे मला पक्कं आठवत होतं. त्याच्या खुर्चीमागे उभी राहून मी लाल आकडे बघितले होते. त्यांच्यावर टर्बो उतरवला तरी वेग तीनशेपर्यंत येईल असं वाटेना. मग १:४८ आलं कुठून? मी पुन्हा फोन लावला आणि जरा आरोपाच्याच सुरात विचारलं.

“दोनशे शहाऐंशीवर नाही गं,” दादा म्हणाला. “तीन नंबरचं मशीन. कोपऱ्यातलं, जुनं एक्सटी. त्याच्यावर कुणी बसायचं नाही, म्हणून सर मला रोज अर्धा तास जास्त देत. बाकीची पोरं नव्या मशीनसाठी भांडायची आणि म्हणायची, खेळच खराब आहे, गाडी वळत नाही.”

तेव्हा लक्षात आलं की त्या क्लासमध्ये खेळ त्याच्या खऱ्या चालीने खेळणारा बहुधा दादा एकटाच होता. इतरांना जो बिघाड वाटला, तो घड्याळाचा घोळ होता, आणि त्यावरचा उपाय कोपऱ्यात धूळ खात पडला होता.

आता ही मशीनं भंगारात गेली आहेत. आपल्याकडे खेळ उरलेत ते फाइलींच्या रूपात. इंटरनेट आर्काइव्हने २०१५ च्या जानेवारीत सुमारे २,४०० डॉस-खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतील असे ठेवले. त्यांच्या मुळाशीही डॉसबॉक्सच आहे. यातल्या कित्येकांचे हक्क अजून कुणा ना कुणाकडे आहेत, तो वेगळा वाद. पण फाइल जपली म्हणजे खेळ जपला, असं आता मला वाटत नाही. कोणत्या चालीवर तो खेळायचा हे फाइलीत लिहिलेलं नसतं. ते कुणाला तरी आठवत असावं लागतं, किंवा कुणीतरी लिहून ठेवावं लागतं.

तीनशे सायकल्सवर आठवडाभर रोज रात्री खेळले. माझी सगळ्यात चांगली वेळ १:५७. विक्रम अजून दादाच्याच नावावर आहे. फ्लॉपीच्या जुन्या लेबलाला हात लावला नाही. खाली एक नवं चिकटवलं आणि त्यावर लिहिलं : ‘मशीन नं. ३, एक्सटी. डॉसबॉक्समध्ये ३०० सायकल्स. ॲस्पेक्ट चालू.’