तक्रार कोणाकडे?

‘रिपोर्ट स्पॅम’चे बटण येण्याआधी तक्रार माणसाकडेच जात असे. मे १९७८मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जाळ्यावर डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. पत्ते छापील सूचीतून घेतलेले. रकान्यात न मावलेले मजकुरातच सांडले! जाळे सरकारी कामापुरते असल्याने चालकांनी नियमभंगाची दखल घेतली, थुर्क यांना समज मिळाली. प्रेषक उघड होता, म्हणून हे जमले.

पुढे इंटरनेट फोफावले आणि प्रेषक खोटी नावे लावू लागले. मे १९९७च्या आरएफसी २१४२ या दस्तऐवजाने गैरवापराच्या तक्रारींसाठी ‘अब्यूज’ या नावाची टपालपेटी नेमून दिली. पण कोणत्या सेवादात्याच्या पेटीत तक्रार टाकायची? जुन्या पाकिटांचा अभ्यासक सहीपेक्षा टपालाचे शिक्के पाहतो, तसेच इथे. वाटेतला प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ह्ड’ ओळ वर जोडत जातो. म्हणून हेडर खालून वर वाचायचा. तळच्या ओळी बनावट असू शकतात, हेही ध्यानात ठेवायचे. नुसता मजकूर पुढे पाठवला, तर हे शिक्के गळून पडतात आणि पेटी उघडणाऱ्याच्या हाती माग काढायला काही उरत नाही.