शहावाचून चाल नाही

हिंदुस्थानातून निघालेले चतुरंग देशोदेशी फिरले आणि जपानात त्याचे ‘शोगी’ झाले. पट नऊ घरे रुंद व नऊ घरे लांब, प्रत्येक पक्षाकडे वीस सोंगट्या. आपल्या बुद्धिबळाहून त्याची प्रकृती वेगळी पडली ती मुख्यतः एका नियमाने. शोगीत मारलेली सोंगटी बाद होत नाही. ती मारणाऱ्याच्या हाती कैद होते आणि पुढे त्याच्याच बाजूने रिकाम्या घरात उतरते. म्हणून सोंगट्यांना दोन रंग नाहीत. जिचे टोक आपल्याकडे वळलेले, ती शत्रूची.

या खेळाच्या पोटी ‘त्सुमे शोगी’ ही कूटविद्या जन्मली. तिचे नियम कडक आहेत. हल्लेखोराची प्रत्येक चाल शह देणारी हवी. एक चाल उसंत घेतली की सारे फसले. त्याने कमीत कमी चालींत मात करावी, बचाव करणाऱ्याने शक्य तितके तगावे. पटावर किंवा हल्लेखोराच्या हाती नसलेल्या सर्व सोंगट्या, हल्लेखोराचा राजा तेवढा वगळून, बचावकर्त्याच्या हाती धरतात. शहाच्या वाटेत तो त्या आडव्या घालू शकतो. मात्र निव्वळ मरण लांबविणारी निरर्थक आड मोजीत नाहीत. हातातले प्यादे उतरवून त्याच चालीने मात करणे मूळ खेळातच निषिद्ध आहे, तसे ते येथेही. अखेरीस हल्लेखोराच्या हाती एकही सोंगटी उरता कामा नये. चाली दोन्ही बाजूंच्या मोजतात. पहिली आणि शेवटची हल्लेखोराचीच, म्हणून त्यांची संख्या नेहमी विषम. आणि उत्तर एकच. दुसरी वाट निघाली की रचना सदोष ठरते, मग ती कितीही देखणी असो.

१६१२ मध्ये तोकुगावा इएयासूने ओहाशी सोकेइ या खेळाडूला पन्नास कोकू तांदळाचे वर्षासन बांधून दिले. (याच राजवटीने १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी घालून मिशनऱ्यांना हद्दपार केले. राजाश्रय आणि राजकोप एकाच हातून येतात, ते असे.) पुढे ओहाशी व इतो घराण्यांत ‘मेइजिन’ हे श्रेष्ठ खेळाडूचे पद वंशपरंपरा चालले, आणि मेइजिनाने शंभर कूटे शोगुनास अर्पण करावीत अशी रीत पडली.

या रीतीचे सोने केले ते इतो घराण्यातील दोघा भावांनी. थोरला सोकान, सातवा मेइजिन. त्याचा ‘शोगी मुसो’ हा संग्रह १७३४ चा. तो इतका बिकट की लोकांनी त्याचे नावच पाडले, ‘मात होते की होत नाही?’ पुढील तपासणीत त्यातील काही कूटांत खरोखरच दोष निघाले, तेव्हा लोकांची शंका अगदीच अनाठायी नव्हती. धाकटा कांजू. त्याचा ‘शोगी झुको’ १७५५ चा. त्यातील नव्व्याण्णवावे कूट ‘धुराची मात’ म्हणून प्रसिद्ध आहे. आरंभी हल्लेखोराचा राजा वगळता सर्व एकोणचाळीस सोंगट्या पटावर असतात. एकशे सतराव्या चालीला मात होते तेव्हा उरतात फक्त तीन. शंभरावे कूट सहाशे अकरा चालींचे. एवढे लांबण लावायचे तर राजाला तेच तेच फेरे द्यावे लागणार. परंतु नुसती पुनरावृत्ती नियमबाह्य. प्रत्येक फेऱ्यात काहीतरी सूक्ष्म बदल हवा, आणि तो बदल अखेर राजाच्या मुळावर यावा. हे सारे एका माणसाने, केवळ पट आणि सोंगट्या यांच्या आधारे रचले.

कांजू १७६० साली निवर्तला, मेइजिन न होताच. दुसऱ्याच वर्षी सोकानही गेला, आणि ते पद १७८९ पर्यंत रिकामे राहिले. नववा मेइजिन ओहाशी सोएइ याने कूटे अर्पण करण्याची रीतच सोडून दिली. प्रत्यक्ष डावात स्वतःचा राजाही संकटात असतो आणि शह न देणाऱ्या शांत चालीच पुष्कळदा निर्णायक ठरतात. त्या दृष्टीने सहाशे चालींच्या मातीचा उपयोग तो काय, असे कोणी विचारील. उपयोग नाही हे मान्य करावे. पण कांजूची कूटे उपयोगाच्या तराजूत तोलणे म्हणजे वेरूळच्या कैलासात किती माणसे राहू शकतील हे विचारण्यासारखे आहे.

त्याची बरोबरी व्हायला दोन शतके लागली. धुराच्या मातीचे दुसरे कूट इचिरो कुरोकावाने १९५४ मध्ये रचले. सहाशे अकराचा विक्रम युकिओ ओकुझोनोने १९५५ मध्ये आठशे त्र्याहत्तर चालींनी मोडला. हाशिमोतोचे ‘मायक्रोकॉसमॉस’ १९८६ चे, पंधराशे एकोणीस चालींचे. १९९५ मध्ये त्यानेच ते पंधराशे पंचवीसवर नेले. सोडविणाऱ्यांच्याही स्पर्धा होतात. २०१५ मध्ये सोता फुजिई या बारा वर्षांच्या मुलाने नामवंत व्यावसायिक खेळाडूंना मागे टाकून राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि २०१९ पर्यंत सलग पाच वेळा ती आपल्याकडे राखली. २०२३ च्या ऑक्टोबरात शोगीची आठही अजिंक्यपदे एकाच वेळी त्याच्या हाती आली.