होडीवरील दिवे (बीड जिल्ह्यातील जलाशय)

रात्री पाण्यावर आपली होडी कुठे आहे आणि कुठल्या बाजूला चालली आहे, हे दुसऱ्याला कळावे म्हणून लावायचे ठरावीक दिवे. त्यांचे मूळ नियम १९७२ च्या आंतरराष्ट्रीय टक्करप्रतिबंधक नियमावलीत आहेत. ती समुद्राला आणि समुद्री जहाजे जाऊ शकतील अशा पाण्याला लागू आहे. सिंदफणेवरचे माजलगाव धरण किंवा मांजरा धरण तिच्या कक्षेत येत नाही. अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ हाही मुख्यतः यांत्रिक नौकांसाठी आहे. तरीही या नियमावलीतली रीत बीडच्या पाण्यावर जशीच्या तशी उपयोगी पडते, कारण ती जहाजाच्या आकारापेक्षा अंधारातल्या माणसाच्या नजरेवर बेतलेली आहे. डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा; प्रत्येक दिवा नाकासमोरून मागच्या बाजूकडे ११२.५ अंशांपर्यंतच दिसतो. उरलेले १३५ अंश मागचा पांढरा दिवा भरून काढतो. त्यामुळे आडव्या येणाऱ्या इंजिनाच्या होडीचा लाल दिसला, तर ती आपल्या उजवीकडून येते आहे आणि वाट आपण द्यायची. लाल-हिरवा दोन्ही दिसले तर ती समोरासमोर आहे. दोघांनीही उजवीकडे वळायचे. सात मीटरपेक्षा लहान आणि ताशी सात सागरी मैलांपेक्षा (सुमारे १३ किलोमीटर) जास्त वेग नसलेल्या इंजिनाच्या होडीला चौफेर दिसणारा एक पांढरा दिवा चालतो, शक्य असेल तर बाजूचे दिवेही. तो बसलेल्यांच्या डोक्यांच्या वर, काठीवर हवा; फळीवर ठेवला तर माणसांच्या पाठींनीच झाकला जातो.

धरणावर रात्री होड्या असतात किती, असा आक्षेप घेतला जाईल. पण होड्या कमी असल्या की समोर कुणी असेल ही अपेक्षाच उरत नाही, आणि मासेमाराची वल्ह्याची होडी आवाजही करत नाही. हातातली बॅटरी पुरेशी आहे, हे म्हणणे अर्धे खरे आहे: वल्ह्याच्या होडीला टक्कर टळेल इतक्या वेळेत पांढरा प्रकाश दाखवण्याची मुभा नियमच देतात. इंजिनाच्या वेगात मात्र तो वेळ मिळत नाही, शिवाय पुढे रोखलेला झोत समोरच्याचे डोळे दिपवतो. खरा धोका वाऱ्याचा आहे, हा आक्षेप सर्वांत वजनदार. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात कुगाव-कळाशी मार्गावरची होडी वादळी वाऱ्याने उलटून सहा जण गेले. तिथे दिवा कामाचा नव्हता, लाइफ जॅकेट हवे होते. म्हणून दिवा जॅकेटची जागा घेऊ शकत नाही. पण इंजिन बंद पडून भरकटलेल्या होडीला शोधणाऱ्याला तोच खूण देतो. बीडच्या जलाशयांवर वल्ह्याच्या होडीला एक पांढरा दिवा सक्तीचा असावा, आणि सहलीच्या इंजिनहोडीने तिन्ही दिवे लावल्याशिवाय सूर्यास्तानंतर काठ सोडू नये.