मुसळ, गिरणी आणि माणूस



गोंदियाला तांदळाची नगरी म्हणतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण पूर्वी या भागात धानाचा तांदूळ कसा होई, हे आजच्या मुलांना ठाऊक असेलच असे नाही. पहाटे बाया उखळापाशी उभ्या राहत. एकीचे मुसळ वर, तर दुसरीचे खाली. खांदे भरून येत, तळहाताला घट्टे पडत. पण जिला शेत नाही, तिला दुसऱ्याचे धान सडून पोटापुरते तांदूळ मिळत.

मग आगगाडी आली, गोंदियाचे जंक्शन झाले आणि भरडाईच्या गिरण्या उभ्या राहिल्या. दिवसाचे काम घटकेत होऊ लागले. श्रम वाचले खरे, पण मुसळाबरोबर त्या बाईची मजुरीही सुटली! शिवाय तांदूळ फार घासला की कोंड्यातले ब-१ जीवनसत्त्व जाते. जावा बेटात डॉ. आइकमान यांना बेरीबेरी रोगाचा हा धागा कोंबड्यांच्या खाण्यावरून सापडला. पुढे १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गांधीजींच्या पुढाकाराने १९३४ साली वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याने हातसडीचा तांदूळ हाती घेतला. १९५५ साली प्रा. द. गो. कर्वे यांच्या समितीने ग्रामोद्योगांना संरक्षण देण्याचा विचार मांडला आणि १९५८ साली भातगिरण्यांचा कायदा झाला. नवी गिरणी घालायची तर परवाना हवा. आणि तो देताना या गिरणीने त्या भागात बेकारी माजेल काय, हेही पाहायचे. प्रश्न किती नेमका, पाहा! तरी मुसळ टिकले नाही. १९९७ साली कायदाही रद्द झाला. मला वाटते, त्या बाईला मुसळ हवे नव्हतेच. तिला हवी होती मजुरी.

आता विडीकडे पाहा. तेंदूपान जंगलातले, आणि वळणारे हात स्वस्त. म्हणून तिथे यंत्र फारसे शिरले नाही. काम हातातच राहिले. पण पाठ वाकवून, तंबाखूची धूळ श्वासात घेत विड्या वळणारीचे त्यात भले झाले काय? तिच्या कामाच्या अटींसाठी १९६६ साली वेगळा कायदा करावा लागला. तेव्हा हाताचे ते सारे चांगले आणि यंत्राचे ते वाईट, असा हिशेब चुकीचा आहे.

आज गिरणीत कॅमेऱ्याचा डोळा काळा दाणा ओळखतो आणि हवेच्या फुंकरीने बाजूला उडवतो. कृत्रिम बुद्धी याच वाटेने पुढे निघाली आहे. मग तिला कोणते काम द्यावे? जे काम एकसारखे आहे, अंग झिजवणारे आहे आणि ज्यातली चूक लगेच दिसते, ते खुशाल द्यावे. पण समजा, शेतकऱ्याची गाडी धान ओले म्हणून परत पाठवायची आहे. ओल किती, ते यंत्राने सांगावे. निकाल मात्र माणसाने द्यावा. कारण “साहेब, कापणीत पाऊस आला हो, पुन्हा एकदा पाहा,” हे ऐकून घेणारे, आणि चुकले तर जबाब देणारे कोणीतरी समोर हवे.

आणि ज्याचे काम यंत्राने घेतले, त्याला यंत्र चालवायला आधी शिकवावे. वाचलेल्या पैशात त्याचाही वाटा आहे.

गुरुजी, उद्या मुलांना सांगा, आजीला विचारून या: मुसळ सुटले तेव्हा तुला काय मिळाले, आणि काय गेले? इतिहासाचा तो धडा तुमच्या गावातच आहे.