सहा मैल सह्या
20 मार्च 2019 च्या रात्री ब्रिटनच्या पंतप्रधान टेरेसा मे डाउनिंग स्ट्रीटवरून टीव्हीवर बोलल्या. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची मुदत नऊ दिवसांवर आली होती. बाहेर पडण्याचा त्यांचा करार कॉमन्स सभागृहाने दोनदा फेटाळला होता. पहिल्यांदा तर 230 मतांनी. सत्तेवरच्या सरकारचा इतका मोठा पराभव त्या सभागृहाने कधी पाहिला नव्हता. जनता या सगळ्याला विटली आहे आणि मी जनतेच्या बाजूने आहे, असा त्यांच्या भाषणाचा सूर होता. खापर खासदारांच्या माथी. दुसऱ्या दिवशी, ‘बाहेर पडण्याचा निर्णयच मागे घ्या’ अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर सही करायला इतकी झुंबड उडाली की संसदेचं याचिकांचं संकेतस्थळ कोलमडलं. महिना संपेपर्यंत सह्या 60 लाखांवर गेल्या होत्या.

वेस्टमिन्स्टर ऐकेनासं झालं की सह्या गोळा करायच्या, ही तिथली जुनी रीत. आणि तिची धास्तीही तितकीच जुनी. यादवी युद्धाच्या काळात संसदेच्या दारात येऊन धडकणारे जमाव लक्षात ठेवून 1661 मध्ये कायदा झाला: परवानगीशिवाय एका अर्जावर वीसपेक्षा जास्त सह्या नकोत, आणि तो द्यायला दहापेक्षा जास्त माणसं नकोत. 1689 च्या अधिकारपत्राने राजाकडे अर्ज करण्याचा हक्क मान्य केला, पण आधीचा कायदा काही तेव्हा रद्द झाला नाही. तो गेला थेट 1986 मध्ये. धास्ती अगदीच निराधार होती असंही नाही. 1780 मध्ये कॅथलिकांना दिलेल्या सवलतींविरुद्धचा अर्ज घेऊन लॉर्ड जॉर्ज गॉर्डन हजारोंच्या जमावासह संसदेवर गेला, आणि पुढचे काही दिवस लंडन जळत होतं.

कोंडी म्हणजे काय, हे ब्रिटनने 1831 मध्ये पाहिलं. मतदारसंघांच्या फेररचनेचं आणि मताधिकार वाढवण्याचं विधेयक कॉमन्सने मंजूर केलं, लॉर्ड्सनी 41 मतांनी पाडलं. दोन दिवसांत नॉटिंगहॅमचा किल्ला पेटला. तो विधेयकाला विरोध करणाऱ्या एका ड्यूकच्या मालकीचा होता. महिनाअखेरीला ब्रिस्टलमध्ये तीन दिवस दंगल चालली, बिशपचा वाडा भस्मसात झाला. पुढच्या मे महिन्यात पंतप्रधान ग्रे यांनी राजीनामा दिला आणि ड्यूक ऑफ वेलिंग्टन सरकार बनवू पाहत होता, तेव्हा लंडनमध्ये भित्तिपत्रकं लागली: वेलिंग्टनला रोखायचं तर बँकेतून सोनं काढा. लोकांनी काढलंही. अखेर राजाने लॉर्ड्समध्ये नवे उमराव नेमण्याची तयारी दाखवली आणि जूनमध्ये विधेयक पार पडलं. त्या काळात अर्जांचा पाऊस पडला होता, पण कोंडी फुटली ती धाकाने.

नव्या कायद्याने मत मिळालं मध्यमवर्गाला. कामगार बाहेरच राहिला. म्हणून चार्टिस्ट चळवळीने पुन्हा कागद हाती घेतला. 1842 चा त्यांचा अर्ज सहा मैलांहून लांब होता, 33 लाखांवर सह्यांचा. त्याचं भेंडोळं कॉमन्सच्या दारातून आत जाईना. शेवटी ते सुटं करून तुकड्यातुकड्यांनी आत न्यावं लागलं. विरोधात बोलणाऱ्यांत मेकॉले होता. आपल्याला तो शिक्षणविषयक टिपणामुळे ठाऊक आहे. सर्वांना मत दिलं तर संस्कृतीच टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं. अर्ज 287 विरुद्ध 49 मतांनी फेटाळला गेला.

1848 चा शेवटचा मोठा अर्ज मात्र थट्टेचा विषय झाला. नेत्यांनी 57 लाख सह्या सांगितल्या. संसदेच्या कारकुनांनी मोजल्या तर 20 लाखही भरेनात, आणि त्यांत राणी व्हिक्टोरियाचं नाव, वेलिंग्टनचं नाव, विनोदी साप्ताहिकातला मिस्टर पंचसुद्धा! मागणीपेक्षा मोजणीवरच वाद रंगला. पण खोट्या सह्या वजा केल्या तरी उरलेल्या लाखो खऱ्याच होत्या, हे त्या हशात बुडालं.

या रीतीचा धागा मुंबई-पुण्यापर्यंत येतो. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष असलेल्या बॉम्बे असोसिएशनने 1852 मध्ये कंपनी सरकारच्या कारभाराविषयी ब्रिटिश संसदेला अर्ज धाडला. 1875 मध्ये पुण्याच्या सार्वजनिक सभेने तिथे हिंदी प्रतिनिधी असावेत अशी मागणी केली. पुढे जहालांनी ज्या ‘अर्जविनंत्यां’ची टर उडवली, त्यांचं मूळ असं वेस्टमिन्स्टरमध्ये आहे.

विसाव्या शतकात अर्ज मागे पडले. सभापतींच्या खुर्चीमागे टांगलेल्या पिशवीत ते मुकाट्याने टाकण्याची सोय होती. जीव आला तो इंटरनेटने. 10 हजार सह्यांना सरकारचं उत्तर, एक लाखाला चर्चेचा विचार. 2016 च्या सार्वमतानंतर 40 लाखांवर सह्या मिळवणारी फेरमतदानाची याचिका तर निकालाआधी ‘बाहेर पडा’ म्हणणाऱ्याच एकाने, आपण हरू या भीतीने, दाखल केली होती.

2019 चा संताप मात्र जुन्या साच्यात बसत नाही. चार्टिस्ट सही करत, कारण त्यांना मत नव्हतं. इथे मत देऊन झालं होतं: 1 कोटी 74 लाख बाहेर पडण्याच्या बाजूने, 1 कोटी 61 लाख विरुद्ध. केंब्रिज, ब्रायटन, उत्तर लंडन इथून सह्यांचा लोंढा आला, पण तिथल्या लोकांचं मत सगळ्यांना आधीच ठाऊक होतं. कराराविना बाहेर पडा म्हणणाऱ्या याचिकेवरही लाखो सह्या होत्याच. खासदारांना भांडखोर म्हणणं सोपं होतं. पण ते भांडण मतदारांनीच त्यांच्या हाती दिलेलं होतं. हॅन्सर्ड सोसायटीच्या त्या वर्षीच्या पाहणीत 54 टक्के लोकांना नियम मोडायला तयार असलेला खंबीर नेता हवा होता.

1 एप्रिलला 60 लाख सह्यांवर वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चर्चा झाली. निर्णय मागे घेणार नाही, हे सरकारने आधीच कळवलं होतं. त्याच दिवशी मुख्य सभागृहात चार पर्याय मतदानाला आले आणि चारही पडले, त्यांतला जकात संघाचा अवघ्या तीन मतांनी. डिसेंबरच्या निवडणुकीत मे यांच्या जागी आलेल्या बोरिस जॉन्सन यांनी ‘ब्रेक्झिट उरकून टाका’ एवढंच घोकलं आणि 365 जागा जिंकल्या. त्या मतांत पाठिंबा किती आणि कंटाळा किती, याची मोजणी करायला मात्र कारकून नव्हते.