बाळाची झोपपिशवी : वाढत्या अंगाची नव्हे, अंगाबरोबरची

घरात मूल जन्माला आले की बारशापर्यंत झबली, टोपरी, कुंची आणि दुपटी यांचा ढीग जमतो. अलीकडे या ढिगात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे स्लीप सॅक, अर्थात बाळाची झोपपिशवी. परदेशी स्थायिक झालेले आप्त ती भेट म्हणून धाडतात. शहरांतील दुकानांत आणि ऑनलाइन बाजारातही ती सहज मिळते. वस्तू उपयुक्त आहे. मात्र तिचे माप चुकले, तर ज्या सुरक्षिततेसाठी ती घ्यायची, तीच धोक्यात येते. म्हणून मापाचा विचार रंग, नक्षी आणि किंमत यांच्या आधी व्हायला हवा.

झोपपिशवी कशासाठी?

झोपपिशवी म्हणजे अंगात घालायचे पांघरूण. तिला गळा असतो, हात बाहेर काढण्यासाठी बाह्यांच्या जागी दोन मोकळी छिद्रे असतात, आणि कमरेखाली ती पिशवीसारखी बंद असते. सुटे पांघरूण बाळाच्या लाथांनी सरकते आणि तोंडावर येऊ शकते. लहान अर्भकाला ते बाजूला सारता येत नाही. अंगात घातलेली पिशवी, माप योग्य असेल तर, जागची हलत नाही.

या वस्तूच्या प्रसारामागे एक इतिहास आहे. निरोगी अर्भकांच्या झोपेतील आकस्मिक मृत्यूंचे प्रमाण कमी व्हावे म्हणून ‘अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स’ या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने १९९२ मध्ये बाळाला पालथे न निजवण्याचा सल्ला दिला. १९९४ मध्ये अमेरिकेत त्याची देशव्यापी मोहीम झाली. पुढच्या काही वर्षांत तेथील अशा मृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. बाळाला उताणे निजवावे, अंथरूण सपाट व टणक असावे, जवळ उशी, लोड, मऊ खेळणी व सुटी पांघरुणे नसावीत, ही त्या सल्ल्याची आजची सूत्रे आहेत. सुटे पांघरूण काढून घेतल्यावर थंड प्रदेशांत उबेचा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर म्हणून झोपपिशवी रूढ झाली.

वाढत्या अंगाचा मोह

आपल्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेण्याची रीत आहे. शाळेचा गणवेश दोन बोटे सैल घेतला तर काही बिघडत नाही. उलट दोन पावसाळे निघतात. झोपपिशवीच्या बाबतीत हीच काटकसर घातक ठरू शकते. पिशवीचा गळा मोठा असेल, तर बाळ हातपाय हलवता हलवता आत सरकते आणि कापड हनुवटीवरून तोंडा-नाकावर येते. श्वासोच्छ्वासाला अडथळा होतो, सोडलेलीच हवा पुन्हा आत घेतली जाते आणि डोके झाकल्यामुळे अंगातील उष्णता कोंडते. ‘सहा महिन्यांनी होईलच’ म्हणून घेतलेली पिशवी सहा महिन्यांनीच वापरावी. तोवर ती कपाटात राहू द्यावी.

वय नव्हे, लांबी आणि वजन

पाकिटावर बहुधा ‘०-६ महिने’, ‘६-१८ महिने’ असे वयोगट छापलेले असतात. हे केवळ अंदाज होत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली वाढीची मानके सहा देशांतील मुलांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत आणि त्या सहांत भारतही आहे. त्यांनुसार मुलग्याची मध्यम लांबी जन्मतः ४९.९ सेंटिमीटर, तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस ६१.४, सहाव्याच्या अखेरीस ६७.६ आणि वर्षाच्या शेवटी ७५.७ सेंटिमीटर असते. मुलींच्या बाबतीत हेच आकडे ४९.१, ५९.८, ६५.७ आणि ७४ असे आहेत. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत सुमारे १७ सेंटिमीटर वाढ होते आणि पुढच्या सहांत सुमारे ८. जन्मलेले बाळ आणि पाच महिन्यांचे बाळ एकाच ‘०-६’ पिशवीत सारखेच नीट बसेल, अशी अपेक्षा धरणे चूक आहे.

वजनाचेही तसेच. चांगल्या पिशवीच्या चिठ्ठीवर किमान वजन दिलेले असते. अनेक उत्पादकांच्या सर्वांत लहान मापासाठी ते सुमारे ४ किलो असते. जन्मतः मध्यम वजन मुलग्याचे ३.३ व मुलीचे ३.२ किलो असते. याचा अर्थ कित्येक नवजात बालकांना पहिल्या दिवशी ती पिशवी मोठीच होते. अडीच किलोंपेक्षा कमी वजनाने किंवा दिवसांआधी जन्मलेल्या बाळासाठी तर पिशवीचा विचार डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. अशा बाळाची ऊब आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून राखणे, ही वैद्यकाने मान्य केलेली पद्धत आहे.

माप कसे घ्यावे?

बाळाला सपाट, टणक जागेवर उताणे निजवावे. एकाने डोके भिंतीला वा उभ्या फळीला हलकेच टेकवून धरावे, दुसऱ्याने गुडघे सरळ करून टाचांशी एक जाड पुस्तक उभे धरावे. भिंतीपासून पुस्तकापर्यंतचे अंतर ही एकूण लांबी. त्यानंतर खांद्यापासून टाचेपर्यंतचे अंतर शिवणाच्या फितीने वेगळे मोजावे.

पिशवीची आतली लांबी, म्हणजे खांद्याच्या शिवणीपासून तळापर्यंतचे अंतर, बाळाच्या खांदा-ते-टाच अंतरापेक्षा सुमारे १० सेंटिमीटरने अधिक असावी. बाळाची एकूण लांबी ६६ सेंटिमीटर आणि खांद्यापासून टाचेपर्यंत ५० सेंटिमीटर असेल, तर पिशवी आतून ६० सेंटिमीटरच्या आसपास हवी. येथे एक गफलत नेहमी होते. काही उत्पादक चिठ्ठीवर पिशवीची लांबी छापतात, तर काही ज्या बाळाला ती बसेल त्याची लांबी. ‘७०’ हा आकडा एका ठिकाणी पिशवीचा असतो, दुसऱ्या ठिकाणी बाळाचा. खरेदीपूर्वी तक्ता वाचावा. तो नसेल तर पिशवीच मोजावी.

घातल्यावर चार कसोट्या

पहिली आणि निर्णायक कसोटी गळ्याची. चेन व बटणे लावल्यावर कापड आणि मान यांच्यामध्ये एक, फार तर दोन बोटे आडवी सरकावीत. गळ्याची कड हलक्या हाताने वर ओढून पाहावी. ती हनुवटी ओलांडून तोंडाकडे येत असेल तर पिशवी मोठी आहे.

दुसरी कसोटी हातांच्या छिद्रांची. दंडाभोवती ती काचू नयेत; पण हात कोपरासह आत ओढला जाईल इतकी सैलही नसावीत.

तिसरी पायांची. पाय ताणल्यावर बोटे तळाला टेकत असतील किंवा खांद्यांवर ओढ बसत असेल, तर पिशवी लहान झाली.

चौथी कसोटी कमरेची. बाळाचे पाय स्वभावतः बेडकासारखे दुमडून बाहेर पसरलेले असतात. पिशवीचा तळ त्यांना तसे राहू देण्याइतका रुंद हवा. पाय सरळ जुळवून घट्ट बांधल्यास खुब्याचा सांधा नीट न बसण्याचा धोका वाढतो. घट्ट दुपट्याविषयीही डॉक्टर हेच सांगतात.

लांबी एक माप सुचवते आणि गळा दुसरे, असे झाले तर गळ्याचे ऐकावे. कृश व उंच बाळाच्या बाबतीत हे हमखास घडते. लहान पिशवीत पाय आखडतात आणि मोठीचा गळा सैल, अशी स्थिती असेल तर दोन्ही बाजूला ठेवून साधे कपडे घालणे उत्तम.

जाडीचेही माप असते

पिशवीच्या उबेसाठी ‘टॉग’ हे एकक वापरतात. १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली इन्स्टिट्यूटमध्ये ते रूढ झाले. सर्वसाधारणपणे खोलीचे तापमान १६ ते २० अंश असेल तर २.५ टॉग, २० ते २४ असेल तर १ टॉग, आणि २४ ते २७ असेल तर ०.५ किंवा त्याहून पातळ, असा संकेत आहे. विलायतेहून आलेली अडीच टॉगची गुबगुबीत पिशवी तेथील हिवाळ्यासाठी शिवलेली असते. गोव्याच्या किनारपट्टीवर जानेवारीतल्या रात्रीही पारा विशीच्या आसपास असतो आणि मे महिन्यात तो पंचविशीखाली क्वचितच जातो. त्यातच दमट हवेमुळे घाम वाळत नाही. येथे ती पिशवी कितीही मापात असली तरी वापरू नये. अर्भकाचे अंग अति तापणे हेही आकस्मिक मृत्यूच्या धोक्याचे एक कारण मानले जाते.

वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर मलमलीची वा पातळ सुती एकपदरी पिशवी आणि आत एक झबले पुरे. वीज गेली की खोली झपाट्याने तापते. तेव्हा पिशवी काढण्यास विसरू नये. हातपाय गार लागले म्हणून ऊब वाढवू नये. मान व छाती चाचपून पाहावी. तेथे घाम असेल तर कपडे अधिक झाले आहेत. उकाड्याच्या रात्री पंख्याखाली नुसते झबले व लंगोट पुरतो. पिशवी ही सोय आहे, अनिवार्य वस्तू नव्हे. डासांसाठी ती मच्छरदाणीचा पर्यायही होत नाही.

घेताना आणि वापरताना

टोपी, बाह्या, नाड्या, सुटी बटणे किंवा आत भरलेले वजन असलेली पिशवी घेऊ नये. वजन भरलेल्या पिशव्या वापरू नयेत, असे २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. हात आत बांधून ठेवणारा प्रकार बाळ कुशीवर वळू लागताच बंद करावा. ते बहुधा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घडते. ब्रिटनचे बीएस ८५१० किंवा युरोपचे ईएन १६७८१ हे मानक पाळल्याची नोंद चिठ्ठीवर असेल तर ती जमेची बाजू समजावी. सुती कापड आटते. म्हणून नवी पिशवी आधी धुवावी आणि मगच माप पाहावे. दुसऱ्या घरातून आलेल्या पिशवीचा गळा ताणला गेला आहे का, चेन नीट बसते का, हे तपासावे.

पिशवी घातलेले बाळ झोळीत निजवू नये. झोळीत अंग वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासमार्ग दबू शकतो. पाळणा असेल तर त्याचा तळ सपाट व टणक हवा.

माप एकदा पाहून भागत नाही. त्यासाठी वेगळे पंचांग मात्र नको. लसीकरणाच्या वेळा ठरलेल्या असतात : सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा, पुढे नववा महिना. त्या दिवशी वजन होतेच. घरी परतल्यावर लांबी मोजावी आणि चारही कसोट्या पुन्हा लावाव्यात. मधल्या काळात दर महिन्याला गळ्यात एक बोट घालून पाहण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. आजी-आजोबा किंवा सांभाळणारी बाई बाळाला निजवत असेल, तर हीच कसोटी त्यांनाही दाखवून ठेवावी. रात्री पिशवी कोणीही घालो, गळा मात्र दर वेळी तपासला गेला पाहिजे.