कुत्र्याचा आजा काय करत होता?

निवृत्तीनंतर मी महूला स्थायिक झालो. फौजेतला माणूस म्हटल्यावर त्याला कुत्र्यांची माहिती असणारच, असा लोकांचा समज. त्यामुळे "कर्नलसाहेब, घरी कुठल्या जातीचा कुत्रा आणू?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारला जातो. मी उलट विचारतो, "त्याचा आजा काय काम करायचा, ठाऊक आहे?" कुत्र्याची जात म्हणजे माणसानं पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेला पेशा. तो रक्तात उतरलेला असतो. आपण पिल्लू तिसऱ्या मजल्यावर आणलं म्हणून सुटत नाही.

जर्मन शेफर्डचंच घ्या. १८९९ साली माक्स फॉन श्टेफानिट्झ या घोडदळातल्या माजी कॅप्टननं एका प्रदर्शनात मेंढपाळाचा कुत्रा पाहिला, तिथल्या तिथे विकत घेतला आणि लगेच या जातीची संस्था काढली. त्याला नुसत्या देखणेपणाशी कर्तव्य नव्हतं. दिवसभर कळपाभोवती राबणारा, हुकूम झेलणारा कुत्रा हवा होता. आता हाच गडी दिल्लीतल्या फ्लॅटमध्ये, नवराबायको दोघं कामावर, नऊ तास एकटा. माझ्या ओळखीच्या एका घरात त्यानं सोफ्याचा भुगा केला. मालक म्हणतात, कुत्रा बिघडला. मी म्हणतो, बेकार बसवलात.

हस्कीची गोष्ट याहून वाईट. सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावर गाडी ओढायला ही जात पोसली. १९२५ मध्ये अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा वीस गाडीवान आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी टप्प्याटप्प्यानं हजारावर किलोमीटर धावून साडेपाच दिवसांत लस... चुकलो, लस नव्हे, प्रतिविष पोचवलं. त्या कुत्र्याला नागपूरच्या मे महिन्यात ठेवायचं आणि एसी लावला की झालं म्हणायचं? वीज गेली की काय करणार?

पगचं वेड आपल्याकडे वाढलं २००३ च्या मोबाइलच्या जाहिरातीनंतर. चीनच्या राजवाड्यात मांडीवर बसणं हाच त्याचा पेशा, म्हणजे फ्लॅटला सोयीचा. पण चपटं नाक माणसानं हौसेनं आणखी चपटं केलं. उन्हाळ्यात तो धापा टाकतो, त्याला आपण गोड म्हणतो.

आता घरचं सोनं. उत्तर कर्नाटकातलं मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी स्थानिक शिकारी कुत्र्यांची निगुतीनं पैदास केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. आपल्याकडे लातूर-सोलापूर भागात याच कुत्र्याला कारवान म्हणतात. लांब मुस्कट, बारीक कंबर, उंच पाय. तो वासापेक्षा नजरेवर शिकार करतो, आणि या एका गोष्टीवर तुमचा निर्णय ठरायला हवा. माळावर ससा हलला की तो सुटलाच. मग हाका मारून घसा बसेल, कुत्रा येणार नाही. शहरात ससा नसतो, पण मांजर असते, स्कूटर असते. वाडा, शेत, कुंपण असेल तर यासारखा कुत्रा नाही: उष्णता सोसतो, खाणं बेताचं. २००५ मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, २०१६ मध्ये मुधोळची पिल्लं प्रशिक्षणासाठी मेरठला सैन्याच्या केंद्रात आली. मला त्याचा अभिमान आहे. तरी तरुण जोडपं दोन खोल्यांत मुधोळ ठेवायचं म्हणालं, तर मी नको म्हणतो. देशाभिमान आपल्या जागी, कुत्र्याचे पाय आपल्या जागी.

लहान मुलं, आजी-आजोबा असलेल्या घराला लॅब्राडोर चालतो. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर पाण्यात काम करणाऱ्यांचा हा वंशज. माणसाच्या मागे-पुढे करणं त्याच्या अंगवळणी. फक्त खादाड. ताट सांभाळा आणि रोज चालवा.

बातम्यांत पाहून मॅलिनॉ मागणारेही भेटतात. २०२२ मध्ये अनंतनागला अतिरेक्यांशी लढताना जखमी होऊन 'झूम' गेला, तो याच जातीचा. सैन्यात अशा कुत्र्यामागे पूर्ण वेळ एक जवान असतो. तुमच्या घरी तो जवान कोण, एवढं सांगा.

आणि गल्लीतलं गावठी पिल्लू? माणसाच्या वस्तीत, इथल्याच हवेत, मिळेल ते खाऊन जगणं हाच त्याचा पिढीजात पेशा. रेबीजची लस द्या, नसबंदी करा, सकाळ-संध्याकाळ फिरवा. आमच्या घरी अशीच एक मातकट रंगाची कुत्री आहे. कुणी जात विचारली की आमची सौ. सांगते, "महूची."